दोन घरांवर किती भरवसा ठेवायचा?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लॅक क्वि पार्ल नावाची काउंटी आहे. रेडॉनच्या सर्वेक्षणात तिथल्या फक्त दोन घरांची मापं मिळाली. प्रत्येक काउंटीचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला, तर ८५ काउंट्यांमध्ये सगळ्यात जास्त रेडॉन इथेच निघतो. दोन घरांच्या जिवावर अख्ख्या काउंटीला धोकादायक ठरवायचं का?

प्रश्न जिवाशी निगडित आहे. जमिनीतल्या युरेनियमच्या क्षयातून रेडॉन तयार होतो, पायाच्या भेगांतून घरात शिरतो आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरू शकतो. तळघरात तो साचतो. पहिल्या मजल्यावरचं माप साधारण निम्मंच भरतं.

मिनेसोटाच्या ९१९ घरांची ही आकडेवारी अँड्र्यू गेलमन आणि जेनिफर हिल यांच्या २००७ सालच्या पुस्तकामुळे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चांगलीच परिचयाची झाली. सगळी घरं एकाच ढिगात टाकली तर काउंट्यांमधला खरा फरक पुसला जातो. प्रत्येक काउंटी सुटी धरली तर योगायोगालाच सत्य मानलं जातं. बहुस्तरीय प्रतिगमन यातला मधला मार्ग काढतं, आणि कोणाच्या बाजूला किती झुकायचं हे आकड्यांनाच ठरवू देतं. मला या पद्धतीतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. एका काउंटीच्या आत घराघरांत किती चढउतार आहे आणि काउंट्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, या दोन्हींची तुलना केली की उत्तर मिळतं: साधारण पाच घरांची मापं असतील तर काउंटीचा स्वतःचा आकडा आणि राज्याचा कल यांना सारखं वजन. लॅक क्वि पार्लच्या दोन घरांना मग जेमतेम पाव वजन मिळतं. शंभराहून अधिक घरं मोजलेल्या हेनेपिन काउंटीचा अंदाज मात्र जागचा फारसा हलत नाही.

आता मातीतलं युरेनियम हिशेबात घेऊ. मजला घरागणिक बदलतो, युरेनियमचा आकडा मात्र काउंटीमागे एकच. तो ९१९ ओळींत पुन्हा पुन्हा लिहून साधं प्रतिगमन चालवलं, तर संगणक ८५ आकड्यांना ९१९ स्वतंत्र पुरावे समजतो आणि नसलेली खात्री दाखवतो. बहुस्तरीय प्रारूपात हा आकडा काउंटीच्याच पातळीवर राहतो.

परिणाम लक्षणीय आहे. काउंट्यांमधला बराचसा फरक युरेनियमनेच उलगडतो, उरलेला फरक निम्म्यावर येतो. त्यामुळे काउंटीच्या स्वतःच्या मापांना सारखं वजन मिळायला आता पाच नव्हे, सुमारे २३ घरं लागतात. जिथे एकही घर मोजलेलं नाही, तिथलाही अंदाज मातीवरून बांधता येतो.

पण एकाच काउंटीत, एकाच मजल्यावर मोजलेल्या दोन घरांत दुपटीचा फरक सहज आढळतो. तो कोणत्याही नकाशावर दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक घरात चाचणीचा संच ठेवावाच लागतो.