गोलकृमीचे बाह्यावरण : सूक्ष्मरचना व चिकित्सेतील बोध

वाशिम जिल्ह्यातील खेड्यांत चिकित्सा करताना आम्हांस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : पोरगं खातं ते सारं पचतं, मग पोटातला जंत का पचत नाही? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र गोलकृमीच्या बाह्यावरणात, म्हणजे क्यूटिकलमध्ये दडलेले आहे.

हे आवरण पेशींचे बनलेले नसते. त्याखालील अधश्चर्म ते स्रवते. सर्वांत बाहेर शर्करायुक्त प्रथिनांचा लेप, त्याखाली स्निग्धांशयुक्त अतिपातळ पापुद्रा आणि मग बाह्य, मध्य व तल असे तीन मुख्य थर असतात. ॲस्कॅरिसच्या तलथरात तंतूंचे तीन पदर असून ते देहाच्या लांबीशी सुमारे ७५ अंशांचा कोन करीत बाजेच्या विणीप्रमाणे परस्परांना छेदतात. हे तंतू मुख्यत्वे कोलॅजनचे असून गंधकबंधांनी जखडलेले असतात. म्हणून आपले पाचकस्राव त्यांना सहजी भेदू शकत नाहीत. शिवाय या स्रावांना रोधणारी द्रव्येही कृमी निर्माण करतो. वाढीच्या काळात तो चार वेळा कात टाकतो.

गोलकृमीला केवळ उभे स्नायू असतात. आतील द्रवाचा दाब आणि बाहेरची ही वीण यांच्या आधारे तो वळवळतो. त्याला आतड्यास धरून ठेवणारे आकडे नसतात. आतड्याच्या गतीविरुद्ध सतत हालचाल करूनच तो जागा राखतो. स्नायू लुळे पडले की आवरण शाबूत असतानाही तो बाहेर ढकलला जातो. त्यामुळे जंत अखंड पडला म्हणजे औषध निष्फळ ठरले, असे समजू नये.

पपई, अननस व अंजीर यांतील प्रथिनपाचक द्रव्ये क्यूटिकल विरघळवतात, असे नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उंदरांतील कृमींवर दाखविले. परंतु तेवढ्यावरून मुलांना पपईचा कच्चा चीक देणे योग्य नव्हे. तो तोंड व जठर यांचा दाह करतो. औषधनिर्मात्यांनीही आपल्या कल्पावर ‘जंत विरघळवते’ असे लिहिण्यापूर्वी त्या कल्पाचाच पुरावा हाती ठेवावा.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. जंत विरघळत नाहीत, म्हणूनच त्यांचा गोळा आतड्याचा मार्ग अडवू शकतो. पोट फुगलेले, वारंवार उलटी, मल व वायू यांचा अवरोध अशी लक्षणे असलेल्या बालकास विरेचन वा कृमिघ्न देऊ नये. तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असा त्रिविध उपक्रम सांगितला आहे. यांतील तिसऱ्याची उपेक्षा होते. कृमीच्या अंड्याचे कवच क्यूटिकलहून वेगळे, पण तितकेच चिवट असते. मातीत ते वर्षानुवर्षे टिकते. म्हणून औषधाच्या पुडीसोबत शौचालयाचा वापर, हात धुणे आणि भाजी स्वच्छ करणे यांचाही उपदेश वैद्यबंधूंनी अवश्य करावा.