घरातील फिटोनिया

दक्षिण अमेरिकेतील पेरू, कोलंबिया इत्यादी देशांच्या दमट अरण्यांत, उंच वृक्षांच्या छायेत, जमिनीलगत पसरणारी एक लहानशी वनस्पती आढळते. तिचे नाव फिटोनिया. १८१७ साली वनस्पतिशास्त्रावर संवादरूप पुस्तक लिहिणाऱ्या एलिझाबेथ व सेरा मेरी फिटन या भगिनींवरून हे नाव पडले. हिरव्या पानांवरील पांढऱ्या वा गुलाबी शिरांच्या जाळीमुळे ती कुंडीत हौसेने लावली जाते.

अरण्यातील सवयी ती घरातही सोडत नाही. तिला खिडकीजवळचा मंद प्रकाश व दमट हवा मानवते. प्रखर उन्हाने पाने करपतात.

पाणी कमी पडले, की पेशींतील पाण्याचा दाब उतरतो आणि सारे रोप मान टाकते. पाणी घालताच काही तासांत ते पुन्हा टवटवीत होते. परंतु येथेच पुष्कळांची फसगत होते. पाणी अति झाले, तरी रोप असेच कोमेजते! मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, ती कुजतात आणि चिखलात उभे असूनही रोप तहानलेलेच राहते. अशा वेळी आणखी पाणी घातल्यास ते दगावते.

म्हणून प्रथम मातीत पेरभर बोट घालून पाहावे. माती कोरडी लागल्यास पाणी द्यावे. ओली लागल्यास थांबावे आणि कुंडीच्या बुडाचे छिद्र मोकळे आहे ना, हे तपासावे. लक्षण एकच असले तरी कारणे दोन असू शकतात. कारण ओळखल्यावरच उपाय करावा.