खिशातील तिजोरी आणि तिच्या किल्ल्या

दिवाळीत वहीपूजन झाले की इतवारी आणि गांधीबागेतील पेढ्यांवर नव्या वर्षाचा पहिला सौदा नोंदला जातो. पूजेत वही अजूनही मांडली जाते. परंतु रोजचा व्यवहार मात्र केव्हाच मोबाइलमध्ये गेला आहे. एप्रिल २०१६ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय व्यवस्था आणली. आज काउंटरवर क्यूआर फलक असतो, गिऱ्हाईक तो स्कॅन करते आणि बाजूचा साउंडबॉक्स जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगतो. जीएसटी विवरणपत्राचा ओटीपी, बँकेचे संदेश, सुरतेच्या वा इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवणे, हे सारे एकाच यंत्रावर आणि पुष्कळदा एकाच क्रमांकावर चालते.

असे असूनही सीताबर्डीच्या दुकानात नवा फोन पाहताना प्रश्न विचारले जातात ते कॅमेऱ्याचे, पडद्याच्या आकाराचे आणि रंगाचे. तिजोरी घेताना आपले वाडवडील आधी कुलूप पाहत. फोन घेतानाही तोच क्रम ठेवण्याची वेळ आली आहे.

फोनचे खरे आयुष्य

फोन बिघडेपर्यंत चालतो, हा समज अपुरा आहे. फोनच्या प्रणालीत सुरक्षेच्या नवनव्या त्रुटी सतत सापडत असतात आणि कंपनी त्या सुरक्षा अपडेट पाठवून बुजवत असते. हे अपडेट थांबले तरी फोन पूर्वीसारखाच दिसतो आणि चालतो. मात्र त्यानंतर सापडलेली प्रत्येक त्रुटी तशीच उघडी राहते. म्हणून ‘या फोनला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील?’ हा दुकानदाराला विचारण्याचा पहिला प्रश्न असावा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. युरोपीय संघाने जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याचा नियम लागू केला आहे. स्वस्त फोनांची मुदत बहुधा याहून बरीच कमी असते. व्यापाऱ्याने येथे साधा हिशेब मांडावा. तीन वर्षे अपडेट मिळणारा १५,००० रुपयांचा फोन वर्षाला ५,००० रुपयांना पडतो. सात वर्षांची हमी असलेला ३५,००० रुपयांचा फोनही वर्षाला ५,००० रुपयांनाच पडतो. मधल्या काळात बॅटरी बदलण्याचा खर्च मात्र त्यात धरावा. एक सूक्ष्म गोष्ट आणखी आहे. ही मुदत सामान्यतः मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण खरेदी केल्यापासून नव्हे. दोन वर्षे जुने मॉडेल सवलतीत मिळाले, तर मुदतीतील दोन वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात.

नागपूरकरांनी उन्हाळ्याचाही विचार करावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर झिजते. बंद मोटारीत किंवा उन्हातल्या दुचाकीच्या डिकीत फोन ठेवू नये.

हुंडीचा धडा

आपल्या पूर्वजांनी हुंडीवर दूरदूरच्या गावांशी व्यापार केला. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही आणून देणाऱ्याच्या हाती पडत नसत. ते बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच मिळत. रक्कम देण्यापूर्वी समोरच्याची खात्री करणे, हा त्या व्यवहाराचा प्राण होता. आजच्या फसवणुकीचा हल्ला नेमका याच खातरजमेवर होतो. चोर क्वचितच कुलूप फोडतो. तो मालकाकडूनच ते उघडून घेतो.

कोणी ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणाला, तर तेथेच थांबावे. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. गिऱ्हाइकाने दाखवलेला ‘पेमेंट झाले’ हा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. रक्कम आपल्या खात्यात दिसली तरच माल द्यावा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलन म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नये. ती फोनमधील संदेश चोरणारे ॲप असू शकते. पोलीस किंवा सीबीआयचे नाव सांगून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घातली जाते. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही.

क्रमांक कोणाच्या नावावर?

व्यापारी कुटुंबांत एक कच्चा दुवा हमखास आढळतो. पेढीच्या बँक खात्याला जोडलेला क्रमांक दिवंगत वडिलांच्या नावावर असतो, कधी नोकरी सोडून गेलेल्या मुनिमाच्या. क्रमांक ज्याच्या नावावर, त्याला दुसरे सिमकार्ड मागता येते. आणि ओटीपी सिमकार्डाच्या मागे जातो. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती जोडण्या आहेत, हे पाहता येते. हरवलेला फोन तेथूनच आयएमईआय क्रमांकाच्या आधारे बंदही करवता येतो. हा १५ अंकी क्रमांक *#०६# दाबल्यावर दिसतो. तो खरेदीच्या बिलासोबत लिहून ठेवावा. फोनचे नेटवर्क अकारण गेले आणि बराच वेळ परतले नाही, तर लगेच मोबाइल कंपनीकडे चौकशी करावी. आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढल्याची ती खूण असू शकते.

पेढीच्या खात्यासाठी स्वतंत्र फोन ठेवणे उत्तम. त्यावर मुलांचे खेळ नसावेत आणि अनोळखी ॲप नसावे. रोजच्या यूपीआयला लहान शिलकीचे खाते जोडावे. मोठी रक्कम वेगळ्या खात्यात असावी.

लाज आणि वेळ

एवढी काळजी घेऊनही चूक होऊ शकते, आणि त्यानंतरच्या तासांत कुटुंबाची खरी परीक्षा असते. एकत्र कुटुंबात फसलेली व्यक्ती बहुधा गप्प राहते. सुनेला सासऱ्यांची भीती वाटते, तर आजोबांना नातवंडांसमोर कमीपणा वाटतो. ‘उद्या सांगू’ म्हणण्यात रात्र जाते आणि तेवढ्यात पैसा चार खाती फिरून निघून जातो.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने वेळेचे हे महत्त्व नियमातच आणले. चूक बँकेची नाही व ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर कोणतेही दायित्व येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर सूचना देईपर्यंतचे नुकसान त्याचे. सूचना दिल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर बोलण्याने पुढची हानी थांबते. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि बँकेला ताबडतोब कळवावे. ‘जो आधी सांगेल, त्याला कोणी रागावणार नाही’ असे घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा सर्वांना स्पष्ट सांगून ठेवावे. हे अभय कोणत्याही ॲपपेक्षा अधिक पैसे वाचवील.

पुढचा काळ

केवळ एसएमएसच्या ओटीपीवर विसंबण्याचे दिवस सरत आहेत. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्यासाठी काढले गेले. त्यांत दोन घटकांची पडताळणी कायम ठेवून बोटाचा ठसा, फोनमधील टोकन अशा अन्य मार्गांना वाव दिला आहे. दुसरीकडे, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मुलाचा आवाजही हुबेहूब बनवता येऊ लागला आहे. पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या आवाजात पैशांची मागणी आली, तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. घरातल्यांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द आधी ठरवून ठेवावा.

येत्या पाडव्याला नवी वही उघडताना घरातील प्रत्येक फोनविषयी चार नोंदी पहिल्या पानावर कराव्यात : क्रमांक कोणाच्या नावावर आहे, आयएमईआय कोणता, सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत आणि कोणते खाते त्याला जोडलेले आहे. पिन आणि पासवर्ड मात्र तेथे लिहू नयेत.