110.8 टनांपेक्षा 100 टन भारी

588 टन-मीटर. दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या 30 मीटरच्या स्पॅनवर ‘70 आर’ हे 100 टनी चाकी वाहन मध्यावर जास्तीत जास्त इतका बेंडिंग मोमेंट आणते (हादऱ्याची वाढ वगळून). वाहन कागदावरचे आहे: आयआरसी-6 संहितेतले, 7 एक्सलचे, 13.4 मीटर लांब. पूल गोरेगावातला मृणालताई गोरे असो की 12.2 किलोमीटरच्या गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावरचा दिंडोशीचा, त्याच्या हिशेबात हे वाहन येतेच. 30 मीटर हा आकडा मात्र उदाहरणापुरता.

तेच वाहन 4.42 मीटर पुढे सरकवले, की मोमेंट 494 वर येतो. वजन तेवढेच, परिणाम 16 टक्के कमी. हा फरक प्रभावरेषा दाखवते. 1 टन पुलावरून सरकताना मध्यावर किती मोमेंट येतो, त्याचा हा आलेख: टोकांना 0, मध्यावर 7.5. प्रत्येक एक्सलचा भार गुणिले त्या जागची रेषेची उंची. सात गुणाकारांची बेरीज 588.

आता शेजारशेजारच्या दोन लेनवर त्याच संहितेतल्या ‘क्लास ए’च्या दोन वाहनमाळा उभ्या करू. प्रत्येकी 55.4 टन, एकूण 110.8. मोमेंट 551. वजन 11 टक्के जास्त, मोमेंट 6 टक्के कमी. कारण माळ 18.8 मीटर लांब आहे. तिचा शेवटचा 6.8 टनी एक्सल मध्यापासून 13.3 मीटरवर पडतो आणि तिथे रेषेची उंची 0.85 इतकीच उरते.

असे दोन स्पॅन सलग जोडले तर रेषेचे शिखर 6.09 वर उतरते आणि शेजारच्या स्पॅनमध्ये रेषा शून्याखाली 1.44 पर्यंत जाते. शेजारी चढलेली गाडी इथला मोमेंट कमी करते. पूल गाड्यांनी गच्च भरून काढलेला आकडा म्हणूनच सर्वाधिक नसतो.

खऱ्या डेकसाठी हाताचा हिशेब पुरत नाही. तिथे डेकचे छोटे तुकडे पाडणारी फायनाइट एलिमेंट पद्धत लागते. 31 गुणिले 13 नोडच्या जाळीत 1 टन नोडानोडावर ठेवायचा तर 403 भारस्थिती. म्युलर-ब्रेस्लाऊच्या 1886 च्या तत्त्वाने एकच पुरते: मध्यावर एकक कोनाचा मोड घाला, वाकलेला आकार हीच प्रभावरेषा. पण ती एका मोमेंटपुरती. 403 भारस्थिती एकदा सोडवल्या की डेकवरच्या हव्या त्या ठिकाणचा मोमेंट मिळतो, आणि स्टिफनेस मॅट्रिक्स फोडावी लागते एकदाच.

जाळी मात्र तपासावी. 30 मीटरचे 2-2 मीटरचे 15 तुकडे केले, तर मध्यावर नोडच येत नाही. 14 आणि 16 मीटरवरच्या उंच्या सरळ रेषेने जोडल्या की शिखर 7.5 ऐवजी 7.0 दिसते, 6.7 टक्के कमी. वाहनाचा आकडा 588 वरून 582 होतो: 1 टक्का, तोही असुरक्षित बाजूला.