किल्टच्या निऱ्या आणि धाग्यांचे गणित

चादरीच्या पाकिटावर 'थ्रेड काउंट ४००' असे छापलेले पाहून ती घ्यावी की नाही, असा विचार शहरातल्या बहुतेक ग्राहकांनी कधी ना कधी केलेला असतो. तिथे हा आकडा एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे बसले आहेत, ते सांगतो. स्कॉटलंडमधील टार्टनचा विणकर मात्र 'थ्रेड काउंट' म्हणतो तेव्हा त्याला कापडाची घट्ट वीण अभिप्रेत नसते. टार्टन म्हणजे रंगीत चौकड्यांचे लोकरी कापड. त्यात कोणत्या रंगाचे किती धागे कोणत्या क्रमाने लावायचे, याची यादी म्हणजे त्याचा थ्रेड काउंट. हे कापड किल्टसाठी, म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या त्या निऱ्यांच्या वस्त्रासाठी विणायचे असेल, तर ही यादी ठरवणे हाच साऱ्या कामातला सर्वांत जोखमीचा टप्पा असतो. ताणा एकदा मागावर चढला की आकडे बदलता येत नाहीत आणि चूक लक्षात येते ती बहुधा शिवणारा निऱ्या घालायला बसतो तेव्हाच.

यादी लिहिण्याची रीत सोपी आहे. रंगाचे आद्याक्षर आणि पुढे धाग्यांची संख्या. इंग्रजीत निळ्यासाठी 'बी' वापरले जात असल्याने काळ्याच्या वाट्याला 'के' आले आहे. बहुतेक टार्टनमध्ये रंगांचा क्रम एका पट्ट्यापर्यंत जातो आणि तिथून आरशातल्यासारखा उलटा फिरतो. त्यामुळे अर्धाच क्रम लिहितात आणि वळणाच्या दोन्ही पट्ट्यांवर तिरकी रेघ देतात. रंगांच्या एका पूर्ण आवर्तनाला 'सेट' म्हणतात. उभ्या ताण्यात जो क्रम, तोच आडव्या बाण्यात. जिथे एकच रंग स्वतःला छेदतो तिथे तो शुद्ध दिसतो आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे मिश्र छटा येते. पैठणीतली धूपछाव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही करामत वेगळी सांगायला नको. चार रंग घेतले तर चार शुद्ध आणि सहा मिश्र अशा दहा छटा मिळतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, विणकराच्या मनातला क्रम असा आहे : निळा २४, काळा २४, हिरवा २४, पांढरा ४. यात निळा आणि पांढरा हे वळणाचे पट्टे. पूर्ण सेट मोजताना वळणाचे पट्टे एकदाच आणि मधले दोनदा धरायचे. म्हणजे २४ अधिक ९६ अधिक ४, एकूण १२४ धागे. (वळणाच्या पट्ट्याचा आकडा पूर्ण लिहिला आहे की अर्धा, हे आधी पाहावे लागते. दोन्ही पद्धती प्रचारात आहेत आणि अर्धा आकडा पूर्ण समजल्याने निम्म्या रुंदीचे पट्टे विणले जाऊ शकतात.) कापडात इंचाला ४० धागे बसणार असतील, तर हा सेट जेमतेम तीन इंचांचा होईल. गळपट्ट्याला तो शोभेल. किल्टला मात्र तो अडचणीचा ठरतो.

निऱ्या ठरवतात सेटची रुंदी

त्याचे कारण निऱ्यांत आहे. किल्टचा पुढचा भाग सपाट असतो आणि सगळ्या निऱ्या मागे येतात. नागरी किल्टमध्ये त्या बहुधा अशा घालतात की, निऱ्या घातल्यावरही मागच्या बाजूला मूळ चौकडी जशीच्या तशी जुळून दिसावी. त्यासाठी प्रत्येक निरीत एक पूर्ण सेट दुमडावा लागतो. नितंबांच्या रेषेवर निरीचा साधारण पाऊण इंच भाग बाहेर दिसतो आणि बाकीचा आत जातो. सेट सहा इंचांचा असेल, तर सव्वापाच इंच कापड आत दुमडते आणि निरीला अडीच इंचांहून थोडी अधिक खोली मिळते. चालताना किल्टला जो झोल येतो, तो या खोलीचा. सेट तीन इंचांचा असेल तर खोली सव्वा इंचाच्याही खाली येते. अशी निरी उथळ राहते आणि लवकर विस्कटते. मग शिवणारा एका निरीत दोन सेट घालून वेळ निभावून नेतो.

उलट बाजूची चूक अधिक महाग पडते. नितंबांचा घेर ४० इंच धरला, तर मागच्या २० इंचांत पाऊण इंची २७ निऱ्या बसतात. सहा इंची सेटला त्यांच्यासाठी १६२ इंच कापड लागेल. पुढच्या दोन सपाट पदरांसाठी ढोबळमानाने ६५ इंच धरले तरी सात वारांच्या आत काम होते. सेट नऊ इंची केला, तर नुसत्या निऱ्याच २४३ इंच कापड खातात आणि एकूण हिशेब साडेआठ वारांवर जातो. पारंपरिक किल्ट आठ वारांचा! (नऊवारी नेसणाऱ्या आजीला या आकड्याचे नवल वाटणार नाही. फरक इतकाच की, किल्टचे वार कमी पन्ह्याच्या कापडाचे असतात.) कापड पुरावे म्हणून निऱ्या कमी कराव्यात, तर प्रत्येक निरी रुंद दिसू लागते आणि मागची चौकडी बिघडते. म्हणूनच किल्टसाठी पाच ते सात इंचांचा सेट सोयीचा मानतात. विणकराने रंगांकडून निऱ्यांकडे न जाता निऱ्यांकडून धाग्यांकडे उलटे यावे, ते याचसाठी.

मग आपल्या उदाहरणातले सगळे आकडे दुप्पट करावेत का? तसे केले तर २४८ धागे होतात आणि सेट सहा इंचांच्या थोडा पुढे जातो. पण इथेच नवखा विणकर फसतो. चार धाग्यांची पांढरी रेषा अडीच मिलिमीटरची होती, ती आठ धाग्यांनी पाच मिलिमीटरची होते. गडद कापडावर पांढरा रंग मुळातच उठून दिसतो आणि जाड झाल्यावर तो बाकीच्या रंगांना गिळून टाकतो. म्हणून रुंद पट्टे ४८-४८ करावेत आणि पांढरी रेषा चारवरच ठेवावी. एकूण २४४ धागे, सेट ६.१ इंच. प्रमाण पाळणे हा नियम खरा, पण बारीक रेषांपुरता तो डोळ्यांनी तपासावा लागतो.

या बारीक रेषांचे महत्त्व केवळ सौंदर्यापुरते नाही. ब्लॅक वॉच पलटणीचे निळ्या-काळ्या-हिरव्या चौकड्यांचे टार्टन अनेक टार्टनांचा पाया ठरले. १७९३ साली हंटली येथील विल्यम फोर्सिथ याने गॉर्डनच्या ड्यूकपुढे तीन नमुने ठेवले. चौकडी तीच, वर पिवळ्या रेषा अनुक्रमे एक, दोन आणि तीन. ड्यूकने एका रेषेचा नमुना निवडला आणि गॉर्डन टार्टन सिद्ध झाले. १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेविरुद्ध लढलेल्या ७८व्या हायलँडर पलटणीचे मॅकेंझी टार्टनही त्याच पायावरचे. त्याची ओळख म्हणजे लाल आणि पांढऱ्या रेषा. चार-सहा धाग्यांत एका पलटणीचे नाव दडलेले असते ते असे.

आकडे जपून ठेवण्याची धडपडही जुनीच. मार्टिन मार्टिन याने पश्चिमेकडील बेटांवरच्या आपल्या ग्रंथात (१७०३) तिथल्या स्त्रिया प्रत्येक पट्ट्याच्या धाग्यांची संख्या लाकडाच्या तुकड्यावर नोंदवून ठेवत, असे लिहिले आहे. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीच्या १८१९ च्या नमुना-वहीत दोनशेहून अधिक टार्टनांची धाग्यांची यादी सापडते. जेम्स लोगन याने १८३१ मध्ये मात्र धागे न मोजता पट्ट्यांची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत दिली. विणकराला ती पद्धत गैरसोयीची, कारण इंचात किती धागे बसतील हे कापडागणिक बदलते. आज स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स या २००९ पासून चालू असलेल्या सरकारी नोंदवहीत नव्या टार्टनची नोंद करायची, तर धाग्यांचीच यादी द्यावी लागते.

कापडाचे वजन हा निवडीतला दुसरा घटक. किल्टसाठी वाराला १३ किंवा १६ औंसांचे वर्स्टेड लोकरीचे कापड वापरतात. जड कापडाचा धागा जाड असतो, त्यामुळे इंचात धागे कमी बसतात. २४४ धाग्यांचा जो सेट इंचाला ४० धाग्यांच्या कापडात ६.१ इंचांचा होतो, तोच ५० धाग्यांच्या कापडात पाच इंचांच्याही किंचित आत येतो. म्हणून आधी कापड ठरवावे आणि मग आकडे. संख्या शक्यतो सम ठेवावी. ज्या मागावर रंग बदलणारे धोटे एकाच बाजूला असतात, तिथे धोटा जाऊन परत आल्याशिवाय रंग बदलता येत नाही. शिवाय टार्टनची वीण दोन धाग्यांवर-दोन धाग्यांखाली अशी तिरकस असल्याने दोन धाग्यांहून बारीक रेषा तुटक दिसते.

हातमागावर विणणाऱ्यासाठी खरी परीक्षा पुढेच असते. किल्टमध्ये ताणा अंगाभोवती आडवा जातो आणि कापडाची विणलेली काठच खालची कड होते. ती दुमडून शिवत नाहीत. त्यामुळे निऱ्यांच्या दिशेने सेटची रुंदी ठरते ती बाण्याच्या ठोक्यावर. ताण्यात इंचाला ४० धागे असतील, तर बाण्यातही ४०च हवेत, नाहीतर चौरसाचा आयत होतो. सकाळी ताज्या हाताने ४२ धागे ठोकले गेले आणि दुपारी ४०, तर एकाच ठाणात सेट कुठे ५.८ इंच तर कुठे ६.१ इंच होतो. शिवणारा चौकडी जुळवत गेला की निऱ्यांची खोली कमी-जास्त होते. धुतल्यावर लोकर आटते तीही ताण्यात आणि बाण्यात सारखी आटतेच असे नाही. म्हणून जाणते विणकर ठरलेल्या आकड्यांचा एक-दोन सेटचा तुकडा आधी विणतात, तो धुऊन वाळवतात, फूटपट्टी लावतात आणि मगच आठ वारांचा ताणा भरतात.