सायकलवरचे डाकू

‘मालेगाव के शोले’मधले डाकू घोड्यांवरून येत नाहीत, सायकलींवरून येतात, आणि आगगाडीऐवजी बसच्या मागे लागतात. उदगीरच्या घरी माझ्या शाळेपासूनच्या मित्रासोबत हा प्रसंग पाहताना मला हसू आवरेना. तो म्हणाला, ‘‘हसलालास कशाला? घोडे कुठून आणावं त्यानं?’’ मी म्हणालो, ‘‘अरे, हसावं म्हणूनच केलंय ते.’’ दोघांचंही खरं होतं. कमी पैशांतल्या सिनेमाचं परीक्षण एकट्यानं का करू नये, ते मला तेव्हा कळलं. एकटा माणूस एक तर टवाळी करतो, नाही तर कौतुकात वाहून जातो.

शिकागोतल्या दोन प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांचे समीक्षक, जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट, १९७५पासून टीव्हीवर शेजारी बसून भांडू लागले आणि हा प्रकार रूढ झाला. आपल्याकडे कानन गिल आणि बिस्वा कल्याण रथ यांनी फसलेल्या हिंदी सिनेमांची जोडीनं खिल्ली उडवली. पण त्यात दोघंही एकाच बाजूला असतात. हशा भरपूर मिळतो. त्या दृश्यासाठी हाताशी काय होतं, हे विचारणारा कुणी उरत नाही.

रामसे बंधूंचंच घ्या. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) करताना सगळं कुटुंब महाबळेश्वरला गेलं. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं, कॅमेरा गंगूचा, ध्वनी किरणचा. मोठा नट नाही, सेट नाही. धुकं, जुना वाडा आणि रात्र. हे सिनेमे मुंबईतल्या बड्या थिएटरांपेक्षा तालुक्यांच्या गावांत अधिक चालले. उदगीर १९५६पर्यंत बिदर जिल्ह्यात होतं, आणि वितरणाच्या व्यवहारात मराठवाडा ‘निजाम’ सर्किटमध्ये धरला जाई. म्हणजे सिनेमावाल्यांच्या नकाशावर आम्ही हैदराबादच्या बाजूचे. तिकीट काढणाऱ्याला भुताबरोबर गाणी, मारामारी आणि विनोदही हवा असे. म्हणूनच ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी सैतानाच्या गोष्टीत मध्येच जगदीपचा डाकू मच्छरसिंग उपटतो. मूळ ‘शोले’तला सूरमा भोपालीही जगदीपच. माझ्या मते हा तुकडा रटाळ आहे, सैतानाची भीती पार उतरवून टाकतो. मित्र म्हणतो, लोकांना मध्ये श्वास घ्यायला जागा नको का? या मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही.

मालेगावची गोष्ट याहून नाजूक. नासिर शेख हा व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस. २०००च्या सुमारास त्यानं सुमारे ५० हजार रुपयांत ‘शोले’ उभा केला. नट गावातलेच. ट्रॉलीचं काम सायकलीनं केलं, क्रेनचं बैलगाडीनं. विडंबन त्यानं समजून निवडलं होतं: घोडा परवडत नसेल तर सायकल हाच विनोद करायचा, मग उणीव झाकावी लागत नाही. ‘मालेगाव का सुपरमॅन’मधला नायक किडकिडीत, चड्डीची नाडी लोंबणारा, प्रदूषणानं दम लागलेला, त्याची लढाई तंबाखूचा प्रसार करणाऱ्या खलनायकाशी. ती भूमिका शफीक या यंत्रमाग कामगारानं केली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात त्याची सगळी धडपड दिसते. पुढे शफीक तोंडाच्या कर्करोगानं गेला.

हे कळल्यानंतर आम्ही सुपरमॅनच्या उडण्याचा प्रसंग पुन्हा लावला. हिरव्या पडद्यापुढे आडवा होऊन, हात पसरून तो हवेत असल्याचा अभिनय करतो. मी गप्प झालो. मित्रानं रिमोट माझ्याकडे सरकवला. ‘‘आता का हसंनास? त्यानं हसवायसाठीच केलंय म्हणालतास की.’’

मग त्यानं तो प्रसंग पहिल्यापासून लावायला सांगितला.