ब्रिटिश स्थलांतरित कुटुंबे आणि ऑस्ट्रेलियातील दैनंदिन खर्च : किंमत, वेतन व बाजाररचना यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या कोणत्याही कुटुंबापुढील पहिला व्यावहारिक प्रश्न ‘तेथे महागाई किती?’ हा असतो. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या ब्रिटिश कुटुंबाला या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. भाषा एक, कायद्याची परंपरा एक, वाहन चालविण्याची बाजूही तीच. मग दुकानातील डॉलरची किंमत पौंडात बदलून घेतली की तुलना पूर्ण झाली, असा समज सहज होतो. हा समज अपुरा असून अनेकदा दिशाभूल करणारा आहे.

हा विषय केवळ ब्रिटिशांपुरता मर्यादित नाही. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्या रहिवाशांमध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांचा गट सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे ९ लाख २७ हजारांचा होता. त्याच्या पाठोपाठ भारतात जन्मलेल्यांचा सुमारे ६ लाख ७३ हजारांचा गट होता. महाराष्ट्रातून तेथे जाणारी कुटुंबेही डॉलरला रुपयांनी गुणण्याचाच मार्ग प्रथम अवलंबतात. त्यामुळे ब्रिटिश कुटुंबांचे उदाहरण अर्थशास्त्र व समाजशास्त्र या दोन्ही विषयांच्या अध्यापकांना उपयुक्त ठरावे. निर्वाहखर्चाचे माप चलनविनिमयाच्या दरात शोधण्यापेक्षा वेतन, खर्चाची विभागणी आणि बाजाराची रचना या तीन घटकांत शोधावे लागते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकाच नावाची दोन चलने

दुसऱ्या महायुद्धानंतर लोकसंख्यावाढीची निकड भासू लागलेल्या ऑस्ट्रेलियाने १९४५ मध्ये स्वतंत्र स्थलांतर खाते निर्माण केले. आर्थर कॉलवेल हे त्याचे पहिले मंत्री. ब्रिटनशी झालेल्या करारानुसार १९४७ पासून साहाय्यित प्रवासाची योजना सुरू झाली. प्रौढ व्यक्तीला केवळ १० पौंड भरून बोटीने जाता येत असे आणि मुलांना भाडे नसे. अट एवढीच की तेथे किमान दोन वर्षे राहावे. त्याआधी परतल्यास प्रवासखर्चाची परतफेड करावी. या योजनेखाली आणि तिच्या आधारे १९७२ पर्यंत दहा लाखांहून अधिक ब्रिटिश ऑस्ट्रेलियात गेले. पुढे पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड या १९६६ मध्ये वेल्समधून अशाच रीतीने गेलेल्या कुटुंबातील होत.

त्या काळी ऑस्ट्रेलियाचे चलनही ‘पौंड’च होते आणि शिलिंग व पेन्स ही त्याची विभागणीही ब्रिटनसारखीच होती. परंतु १९३१ च्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियन पौंडाचे मूल्य ब्रिटिश पौंडाहून कमी झाले होते. १०० ब्रिटिश पौंडांना १२५ ऑस्ट्रेलियन पौंड असा दर होता. नाव एकच असल्याने दुकानातील किमती ब्रिटनशी जशाच्या तशा ताडून पाहण्याचा मोह होई आणि त्यात एक चतुर्थांशाचा फरक दडून राही. १४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियाने दशमान डॉलर स्वीकारला. ब्रिटनने दशमान पद्धती त्यानंतर पाच वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९७१ रोजी आणली. नावातील साम्य अशा रीतीने संपले, तरी मनातल्या मनात रूपांतर करण्याची सवय मात्र संपली नाही.

विनिमय दर आणि श्रमाचा तास

विनिमय दर आंतरराष्ट्रीय भांडवलाची ये-जा, खनिजांचे भाव, व्याजदर यांनुसार हलतो. दुकानातील पावाच्या किमतीशी त्याचा संबंध दूरचा असतो. २०१३ च्या सुरुवातीस, लोखंड व कोळसा यांच्या निर्यातीमुळे डॉलर बळकट असताना, एका पौंडाला सुमारे दीड डॉलर मिळत. २०२५ मध्ये तोच पौंड दोन डॉलरांहून थोडा अधिक देत होता. म्हणजे ऑस्ट्रेलियात एकही किंमत न बदलता तो देश ब्रिटिश पाहुण्याला ‘महाग’ किंवा ‘स्वस्त’ भासू शकतो.

पाहुण्याला हे रूपांतर उपयोगी असते, कारण त्याचे उत्पन्न पौंडात असते. स्थलांतरित कुटुंबाचे उत्पन्न मात्र डॉलरमध्येच सुरू होते. अशा कुटुंबाने एखादी वस्तू घेण्यासाठी किती मिनिटे काम करावे लागते, हे पाहणे अधिक योग्य होय. जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियातील किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झाले; एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमधील २१ वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले. केवळ उदाहरणादाखल, एखादी वस्तू ब्रिटनमध्ये २ पौंडांना व ऑस्ट्रेलियात ५ डॉलरांना मिळते असे मानू. किमान वेतनावरील कामगाराला तिच्यासाठी ब्रिटनमध्ये सुमारे १० मिनिटे, तर ऑस्ट्रेलियात सुमारे १२ मिनिटे काम करावे लागेल. पौंडाला २ डॉलर हा दर धरल्यास ती वस्तू ऑस्ट्रेलियात २५ टक्के महाग दिसेल. दीड डॉलरचा दर धरल्यास तीच ६७ टक्के महाग दिसेल. तेथे राबणाऱ्याची १२ मिनिटे मात्र दोन्ही वेळी तेवढीच राहतील. विनिमय दराने निर्माण होणारा हा आभास कुटुंबाच्या निर्णयावर परिणाम करतो, म्हणून त्याची दखल घेणे आवश्यक ठरते.

निवास आणि कर : खर्च कोणाच्या नावावर?

घरभाड्याबाबत पहिला घोटाळा कालगणनेचा होतो. ब्रिटनमध्ये भाडे सामान्यतः महिन्याचे सांगितले जाते, ऑस्ट्रेलियात आठवड्याचे. आठवड्याचा आकडा चारने गुणल्यास वर्षाचे ४८ आठवडेच हिशोबात येतात. आठवड्याला ६०० डॉलर भाडे असल्यास चारने गुणून मासिक २,४०० डॉलर मिळतात, परंतु ५२ आठवड्यांच्या हिशोबाने प्रत्यक्ष सरासरी २,६०० डॉलर येते. वर्षाच्या अंदाजपत्रकात ही तूट २,४०० डॉलरांची होते.

याउलट काही खर्च भाडेकरूच्या अंगावरून उतरतात. ब्रिटनमधील ‘कौन्सिल टॅक्स’ हा स्थानिक कर सामान्यतः घरात राहणाऱ्याला, म्हणजे भाडेकरूलाही भरावा लागतो. ऑस्ट्रेलियात नगरपालिकेची पट्टी मालमत्तेच्या मालकाकडून वसूल होते. भाड्यात तिचा अंश अप्रत्यक्षपणे असतोच. पण वेगळे बिल येत नाही. ब्रिटनमधील दूरचित्रवाणी परवाना शुल्क एप्रिल २०२५ पासून वार्षिक १७४.५० पौंड झाले. ऑस्ट्रेलियाने असे शुल्क १९७४ मध्येच रद्द केले. म्हणून केवळ भाड्याची भाड्याशी तुलना न करता, भाडे व राहणाऱ्याने भरावयाचे कर यांची एकत्रित तुलना करावी लागते.

अप्रत्यक्ष करांबाबतही हेच दिसते. ब्रिटनमधील मूल्यवर्धित कराचा सामान्य दर २०११ पासून २० टक्के आहे, तर ऑस्ट्रेलियात १ जुलै २००० पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर १० टक्के आहे. वरवर पाहता ऑस्ट्रेलिया निम्म्याने स्वस्त. परंतु मूलभूत अन्नपदार्थ दोन्हीकडे करमुक्त असल्याने किराणा मालात हा फरक फारसा जाणवत नाही. मुलांचे कपडे व पुस्तके यांवर ब्रिटनमध्ये शून्य कर आहे. ऑस्ट्रेलियात त्यांवर १० टक्के कर पडतो. शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला ‘कमी कराचा’ देश या दोन बाबतींत अधिक कराचा ठरतो.

किराणा बाजार : ओळखीची नावे, अनोळखी रचना

ब्रिटनमध्ये टेस्को, सेन्सबरीज, अ‍ॅस्डा, मॉरिसन्स, आल्डी व लिडल अशा अनेक साखळी दुकानांत स्पर्धा आहे. ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्स आणि कोल्स या दोन कंपन्यांकडे किराणा विक्रीचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा असल्याचे तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाच्या २०२४ च्या अंतरिम अहवालात नमूद आहे. जर्मन आल्डी तेथे २००१ मध्ये आली. दुसऱ्या एका मोठ्या जर्मन साखळीने, काउफलँडने, दुकाने उघडण्यापूर्वीच जानेवारी २०२० मध्ये माघार घेतली. अडीच कोटींहून थोडी अधिक लोकसंख्या खंडप्राय प्रदेशात दूरदूरच्या शहरांत विखुरलेली असल्याने गोदामे व वाहतूक यांचा खर्च नव्या स्पर्धकाला जड जातो.

स्पर्धकांची संख्या कमी असली की खरेदीची रीतही बदलते. या दोन्ही दुकानांत दर आठवड्याला, बहुधा बुधवारपासून, ठरावीक वस्तू निम्म्या किमतीत मिळतात आणि काही आठवड्यांनी त्याच वस्तूंची पुन्हा पाळी येते. टिकाऊ वस्तू सवलतीच्या आठवड्यात साठवणारे कुटुंब आणि गरज पडेल तेव्हा पूर्ण किमतीला घेणारे कुटुंब यांचे बिल एकाच दुकानात बरेच वेगळे होते. नवागत कुटुंब पहिले काही महिने साहजिकच दुसऱ्या प्रकारात मोडते. प्रतिकिलो अथवा प्रतिलिटर दर फलकावर लिहिणे मोठ्या किराणा दुकानांना २००९ च्या अखेरीपासून बंधनकारक आहे. नवागतासाठी हे महत्त्वाचे साधन होय.

नावांची फसगतही येथेच होते. ऑस्ट्रेलियातील वूलवर्थ्स ही १९२४ मध्ये सिडनीत स्थापन झालेली स्वतंत्र कंपनी असून, २००९ मध्ये दुकाने बंद झालेल्या ब्रिटनमधील त्याच नावाच्या साखळीशी तिचा संबंध नाही. तेथे ‘मार्माइट’ नावाने मिळणारा पदार्थ वेगळ्या कंपनीचा व वेगळ्या चवीचा आहे. ढोबळी मिरचीला तेथे ‘कॅप्सिकम’ म्हणतात, आणि ‘मँचेस्टर’ या पाटीखाली चादरी, उशांचे अभ्रे व टॉवेल मिळतात. स्वदेशी चळवळीच्या इतिहासामुळे मँचेस्टरचे कापड मराठी वाचकास परिचित आहे. ऑस्ट्रेलियात त्या शहराचे नाव वस्तूलाच चिकटून राहिले. मद्याची बाबही अशीच. ब्रिटनमध्ये ते किराणा मालाबरोबर एकाच टोपलीत येते, ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक भागांत त्यासाठी वेगळ्या दुकानात जावे लागते.

केळ्यांचे उदाहरण : अंतर, हवामान आणि जैवसुरक्षा

दोन बाजारांतील मूलभूत फरक केळ्याच्या भावावरून स्पष्ट होतो. ब्रिटनमधील केळी प्रामुख्याने लॅटिन अमेरिकेतून येतात. एका देशात पीक बुडाले तरी दुसऱ्यातून माल येतो आणि भाव स्थिर राहतो. ऑस्ट्रेलियात वनस्पतिरोगांच्या भीतीमुळे ताज्या केळ्यांची आयात होत नाही आणि देशातील बहुतांश पीक उत्तर क्वीन्सलँडच्या किनारपट्टीवर येते. मार्च २००६ मध्ये ‘लॅरी’ चक्रीवादळाने इनिसफेल परिसरातील बागा जमीनदोस्त केल्या आणि केळ्यांचा भाव किलोला १० डॉलरच्या वर गेला. फेब्रुवारी २०११ मधील ‘यासी’ वादळानंतर हेच घडले. २००६ मधील भाववाढ तर ग्राहक किंमत निर्देशांकातही उमटली.

यावरून ‘ऑस्ट्रेलियात फळे महाग आहेत’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एरवी तीच केळी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात असतात. तेथे फळभाज्यांचे भाव ऋतूनुसार व हवामानानुसार अधिक हलतात, एवढाच त्याचा अर्थ. दक्षिण गोलार्धातील उलट्या ऋतुचक्राचीही त्यात भर पडते. जुन्या देशातील खरेदीची यादी जशीच्या तशी नेणाऱ्या कुटुंबाला तो बाजार महाग वाटतो. हंगामानुसार यादी बदलणाऱ्यास तो तसा वाटत नाही.

टोपलीबाहेरचे खर्च : आरोग्य, शिक्षण व निवृत्तिवेतन

ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेत डॉक्टरची भेट विनामूल्य असते. ऑस्ट्रेलियात ‘मेडिकेअर’ ही सार्वजनिक योजना आहे व तिच्यासाठी करपात्र उत्पन्नावर सामान्यतः २ टक्के आकारणी होते. मात्र डॉक्टरने शासनमान्य रकमेहून अधिक शुल्क घेतल्यास फरकाची रक्कम रुग्णाला भरावी लागते. रुग्णवाहिकेचा खर्च या योजनेत येत नाही. क्वीन्सलँड व टास्मानिया येथील रहिवाशांना ती राज्य शासनाकडून विनामूल्य मिळते, अन्यत्र बहुधा वर्गणी अथवा विमा घ्यावा लागतो. तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर आलेल्या कुटुंबांना न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात सरकारी शाळेचेही शुल्क भरावे लागते. हे खर्च किराणा दुकानातील पावतीवर दिसत नसल्याने पहिल्या अंदाजपत्रकातून बहुधा सुटतात.

सर्वांत गंभीर प्रश्न वृद्धांचा आहे. ब्रिटिश शासकीय निवृत्तिवेतन ऑस्ट्रेलियात घेता येते, परंतु ब्रिटनमध्ये दरवर्षी होणारी वाढ तेथील निवृत्तांना मिळत नाही. या धोरणाच्या निषेधार्थ ऑस्ट्रेलियाने ब्रिटनशी असलेला सामाजिक सुरक्षा करार २००१ मध्ये संपुष्टात आणला. धोरण तरीही कायम राहिले. मुलानातवंडांजवळ राहण्यासाठी उतारवयात गेलेल्या व्यक्तीचे उत्पन्न पौंडात गोठलेले आणि खर्च मात्र डॉलरमध्ये वाढता, अशी स्थिती होते. विनिमय दराची चढउतार नोकरदार कुटुंबापेक्षा या निवृत्तांनाच अखेरपर्यंत भोवते.

समारोप

साहाय्यित योजनेतून गेलेल्या ब्रिटिशांपैकी सुमारे एक चतुर्थांश मायदेशी परतले आणि त्यांतील कित्येक पुन्हा ऑस्ट्रेलियास गेले, असे या विषयाच्या अभ्यासातून दिसते. त्यामागे घरची ओढ, हवामान, नाती अशी अनेक कारणे होती. तथापि स्थलांतराचा निर्णय जितका चुकीच्या तुलनेवर आधारलेला, तितका अपेक्षाभंगाचा संभव अधिक, हे मान्य करावे लागते.

म्हणून अशा कुटुंबाने प्रथम अपेक्षित वेतन निश्चित करावे. भाडे ५२ आठवड्यांच्या हिशोबाने धरावे. कोणता कर कोणी भरावयाचा ते पाहावे. आरोग्य व शिक्षण यांचा खर्च परवान्याच्या प्रकारानुसार मोजावा. आणि किराण्याची यादी नव्या बाजाराच्या हंगामाप्रमाणे मांडावी. निवृत्तिवेतनावर जाणाऱ्यांनी मात्र विनिमय दर व गोठलेली रक्कम हे दोन्ही घटक विसरता कामा नयेत. वस्तूची किंमत तिच्या भोवतालच्या समाजव्यवस्थेतून ठरते. ती व्यवस्था समजून न घेता केलेले रूपांतर गणितदृष्ट्या अचूक असूनही व्यवहारात चुकीचे ठरू शकते.